जाडओठ्याची कपार

३ मे

गळ टाकणाऱ्या मंडळींनो, आपल्यात भांडणं पुष्कळ आहेत — कुणाची काठी लांब, कुणाची जीभ लांब — पण एक दुःख सगळ्यांचं सारखं आहे. आपण रिकामे घरी जातो. ज्या खडकावर आपल्या बापांनी जेवणाच्या आधी जाडओठ्या मासा काढला, त्याच खडकावर आपण दिवसभर उन्हात शिजतो आणि गळाला लागतं ते शेवाळ. मग दोष कुणाला? बोटींना. कारखान्याला. पाण्याच्या उष्णतेला. सगळ्या जगाला नावं ठेवून झाली की आपण शांतपणे जेवायला बसतो. मी आज सांगायला उभी आहे की चोर घरातला आहे.

— इथवर लिहिलं. जमलंय. ‘चोर घरातला’ म्हटल्यावर खुर्च्या करकरतील. करकरू देत! मंडळाच्या अध्यक्षांची खुर्ची हलणार नाही. त्या खुर्चीत माझा थोरला भाऊ बसतो आणि मी बोलायला लागले की तो पेनाचं टोपण काढतो, घालतो, काढतो. लहानपणी पाटीवर पेन्सिल आपटायचा. तेच.

मागणी एवढीच. जाडओठ्या ज्या खडकावर पकडला तिथेच तोलायचा आणि तिथेच, त्याच पाण्यात सोडायचा. आज काय होतं? स्पर्धेतला प्रत्येक मासा बादलीत घालून धक्क्यावर आणतात, मोठ्या वजनकाट्याला लावतात, आकडा मोठ्याने पुकारतात, मग धक्क्यावरून पाण्यात सोडतात. लोक टाळ्या वाजवतात. आपण किती दयाळू! धक्क्याखाली वाळू आहे. एक पान शेवाळ नाही. शेवाळात जन्मलेला, शेवाळात झोपणारा मासा आपण वाळवंटात सोडतो आणि हात पुसतो.

धक्क्यावरचा काटा दादाने आणला. त्याच्या आधी मासे मारून खिळ्याला टांगायचे. मारत होते, ते सोडायला त्याने लावलं. मोठी गोष्ट होती, हे मान्य करायला हवं. सभेत करणार नाही.

४ मे

भाषण मोठ्याने म्हणून पाहिलं. लांब झालंय. कापायला हात उठत नाही.

६ मे

प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी आज ओहोटीला दक्षिणेच्या खडकांवर घेऊन गेली. मला काकू म्हणते. मी कुणाची काकू नाही, पण माहिती पक्की देते म्हणून चालवून घेते. तिच्याकडे तळाला काच बसवलेली बादली आहे. ती पाण्यावर टेकवायची, आत तोंड घालायचं, की खालचं सगळं खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं. मी खडकावर पालथी पडले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

तपकिरी शेवाळाचे पट्टे पाण्याबरोबर एका बाजूला झुकत होते, परत येत होते. मध्ये एक कपार. कपारीत शेवाळाचे तुकडे कोंबून कोंबून भरलेले — एखाद्याने चिंध्या भरून गादी करावी तसे. तेच घरटं. अंडी त्यात चिकटवलेली असतात. आणि दाराशी तो! हिरवा, अंगभर निळे ठिपके, ओठ असे की कुणीतरी ठोसा मारून सुजवलेत. जागचा हलत नव्हता. एक खेकडा तिरका तिरका जवळ आला, तर अंगावर गेला. खेकडा त्याचं आवडतं खाणं. घशात दात आहेत त्याला, पाठीच्या कवचाचा चुरा करतो. पण खाल्लं नाही, नुसतं हाकललं. मुलगी म्हणाली, घरट्यावर असेपर्यंत जेवणाकडे त्याचं फारसं लक्ष नसतं.

मग तिने ते सांगितलं, ज्याच्यावर मी दिवसभर हसते आहे. हे मासे जन्मतात ते सगळे माद्या. वर्षानुवर्षं माद्याच राहतात. वरचा नर गेला, जागा रिकामी झाली, की त्यांच्यातली सगळ्यांत थोराड मादी हळूहळू रंग बदलते आणि नर होते. छापखान्यात बायांना बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून मी उभी हयात घसा फोडला, आणि इथे पाण्याखाली बढतीची सोय आधीपासून आहे!

पण हसण्यासारखं तेवढंच. हा मासा वाढतो मुंगीच्या पावलाने. वितीएवढा व्हायला पोराला शाळा संपवून कॉलेजात जाण्याइतका काळ लागतो. म्हणजे स्पर्धेत आपल्याला हवा असतो तो मोठा मासा हा बहुतेक नर. स्पर्धा असते जूनमध्ये, म्हणजे नेमका तो घरट्यावर असताना. तो उचलला की कपार उघडी. मग दुसरी एखादी नर व्हायला काळ जातो, आणि ती जरा मोठी दिसली की पुढच्या जूनमध्ये आपण तिलाही उचलतो. छान चाललंय आपलं!

मी विचारलं, धक्क्यावरून पोहत परत नाही का येत? ती म्हणाली, शेवाळ सलग असेल तर येतोही. मध्ये उघडी वाळू आली की काठाशी थांबतो.

काठाशी थांबतो. हे भाषणात घालायचं.

९ मे

पडला ठराव.

खोली भरली होती. भिंतीवर तेच फोटो, पत्र्याच्या कपाटावर तेच चषक, आणि पंखा असा की भाषणापेक्षा त्याचाच आवाज मोठा. मी बोलले. चांगलं बोलले. ‘चोर घरातला’ला खुर्च्या करकरल्या. मादीचा नर होतो हे सांगितलं तेव्हा औषधवाला उठला. तो मंडळाचा उपाध्यक्ष. त्याच्या दुकानात खोकल्याच्या औषधाबरोबर सल्ला फुकट मिळतो. म्हणाला, ताई, मग पुढचा अध्यक्ष कोण ते आम्हाला कळलं, तुमच्या मानेला हिरवट छटा आत्ताच दिसतेय. सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच हशावर स्वार होऊन शेवट गाठला. टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या — मला ओळखू येतात.

मग दादा उठला. त्याला भाषण येत नाही, हीच त्याची ताकद. टोपण पेनाला लावलं आणि म्हणाला, “माझी बहीण बोलते छान. पूर्वी मासा मरायचा. आता जिवंत पाण्यात जातो. लोकांची पोरं धक्क्यावर येऊन ते बघतात. ते बंद करा असं ती म्हणते.” बसला.

बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं! पण हात वर झाले तेव्हा निम्मी खोली माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. हात सारखे पडले. सारखे पडले की अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्षांनी ते कुणाला दिलं हे लिहायची गरज नाही.

नेहमीसारखा घरापर्यंत सोडायला आला, माझी पिशवी घेऊन. फाटकाशी म्हणाला, भाषणात ‘आणि’ फार आहेत तुझ्या.

१० मे

दादाशी बोलणार नाही.

११ मे

दादा गळ देऊन गेला, जाड तारेचे, हातानेच वाकवलेले. घेतले. बोलले नाही.

१६ मे

सरावाची स्पर्धा. जायचं नव्हतं. गेले.

दक्षिणेच्या खडकांवर दादा. मी मागच्या उंच खडकावर, मांडीवर डबा, तोंड वाकडं. माणसाशी न बोलता त्याला बघणं सोपं असतं. खेकड्याच्या नांग्या मोडल्या, पाठीतून गळ ओवला. वजनाचं शिसं बांधलं ते सुतळीच्या कच्च्या तुकड्याने — खडकात अडकलं तर सुतळी तुटावी, मासा जाऊ नये. हे त्याने मला शिकवलं तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या. नवे लोक महागडी पातळ दोरी वापरतात, आणि मासा दोरी खडकाला घासून तोडून, गळ ओठात घेऊन निघून जातो. दादाची दोरी जाड, जुनी, कुरूप.

टुक, टुक. मग ओढ. काठी अशी वाकली की माझा डबा कलंडला. जाडओठ्या लांब पळत नाही. तो सरळ खाली जातो, आपल्या कपारीत शिरतो, अंग फुगवून आतून घट्ट बसतो. बैल लावला तरी निघत नाही. ओढणारे ओढतात, दोरी तुटते. दादाने दोरी सैल सोडली. काठी खडकात खोचली, संत्रं काढलं, सोलायला बसला. फोडी एकेक करून खाल्ल्या, बिया ओंजळीत. खालच्याला वाटतं, संकट गेलं. तो आपणहून बाहेर येतो. आला. दादाने संत्रं बाजूला ठेवलं आणि उचलला.

हिरवा. निळे ठिपके. तोच. त्याच कपारीचा.

आठवड्यानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. भाषण नाही केलं. म्हटलं, “दादा, इथेच सोड.”

त्याने बघितलं माझ्याकडे. क्षणभर वाटलं — नाही, काय वाटलं ते लिहीत नाही. म्हणाला, “काटा धक्क्यावर आहे.” आणि बादली उचलून चालायला लागला.

मी धक्क्यावर गेले नाही. तिथली आरोळी आणि टाळ्या खडकांपर्यंत ऐकू आल्या. संशोधक मुलीला बोलावून काचेची बादली लावली. कपार उघडी होती. आत आठ-दहा लहान तपकिरी मासे, त्याच जातीचे. शेवाळाची गादी उसकटत होते. मुलगी म्हणाली, माद्या आहेत. मी विचारलं, अंडी वाचवतायत का? मला खरंच तसं वाटलं होतं. म्हणाली, खातायत. ज्यांनी घातली त्याही असतील त्यात.

संध्याकाळी ती धक्क्याखाली उतरली. मासा खांबाच्या सावलीत वाळूवर टेकून होता. म्हणाली, जिवंत आहे, काकू. फक्त रंग उतरलाय.

जिवंत आहे! अहवालात तेच लिहिलं जाईल. मंडळाच्या फळ्यावर तेच लिहिलं जाईल. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमचा मासा जिवंत आहे, निश्चिंत झोपा!

१७ मे

दादाला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, मासा आहे, पोहतो, जाईल आपला आपण. मी म्हटलं, तुला चूक कबूल करायची नाही, कारण धक्क्यावरच्या टाळ्या तुझ्या आहेत. तो म्हणाला, “आणि सभेतल्या तुझ्या.”

या माणसाशी वाद घालताना मला कधीच शेवटचं वाक्य मिळालेलं नाही.

१९ मे

दादा घसरला. सकाळी एकटाच खडकांवर गेला होता, ओल्या शेवाळावरून पाय गेला. कसाबसा उठून दगडाला टेकून बसून राहिला, औषधवाला फिरायला गेला नसता तर भरतीपर्यंत तसाच बसला असता. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा काळजी करण्याऐवजी मला ओरडला — चपला डाव्या-उजव्या वेगवेगळ्या आणल्यास म्हणून. खरंच आणल्या होत्या.

भाच्याला कळवलं.

२१ मे

भाचा आला. शहरातून गाडी घेऊन, एका दिवसाच्या रजेवर, हातात फोन. चांगला मुलगा आहे. बापाच्या वळणावर गेलेला नाही, म्हणजे भांडत नाही. वहिनी गेल्यापासून दादा या घरात एकटाच. भाच्याने घर फिरून पाहिलं: गंजलेली कडी, न्हाणीतली शेवाळलेली फरशी, गळ ठेवलेल्या बरण्या. म्हणाला, बाबा, आता माझ्याकडे चला. दादा म्हणाला, मनगट मोडलंय, पाय नाही. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, आत्या, तुझ्या बोलण्यापुढे भले भले वाकतात, तू सांगून बघ.

बघितलं सांगून.

इथे खरं लिहायचं, नाहीतर ही वही कशाला? मी जेवणाच्या टेबलाशी बसले तेव्हा मला भावाच्या मनगटाची काळजी होती. पायाची, म्हातारपणाची, एकटेपणाची — सगळी होती. आणि सत्तावीसला मंडळाची पुढची सभा आहे, हेही माहीत होतं. ठराव पुन्हा मांडता येतो, आणि निम्मे हात दादाकडे बघून वर जातात, तो तिथे नसला तर ते हात कुणाकडे बघणार, हे मला माहीत होतं. दोन्ही एकाच डोक्यात. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

छान बोलले. सभेपेक्षा छान. आवाज खाली ठेवला. उद्या भरतीच्या वेळी पडलास तर, म्हटलं. कुणी नसलं तर. भाच्याला रोज झोप लागत नाही तुझ्या काळजीने, म्हटलं — हे मी तयार केलं. वहिनी असती तर काय म्हणाली असती, तेही म्हणून दाखवलं, तिच्या शब्दांत. दादा डाव्या हाताने मीठ बोटावर घेत होता, परत टाकत होता. भाच्याचे डोळे भरून आले. माझेही. माझे नेहमी येतात, वेळेवर.

दादा शेवटी म्हणाला, ठीक आहे.

२२ मे

जिंकले. टाळ्या नव्हत्या, एवढंच.

२४ मे

दादा गेला. भाचा पुन्हा गाडी घेऊन आला होता. एक पेटी, औषधांची पिशवी. गळाची काठी घेऊ का म्हणाला, भाचा म्हणाला, बाबा, अकराव्या मजल्यावर काठी कुठे ठेवणार? मग नाही घेतली. घर बंद केलं, किल्ली माझ्याकडे दिली. भाचा म्हणतो, पुढे भाड्याने देता येईल, आधी डागडुजी करू.

गाडीत बसल्यावर काच खाली करायला सांगितली. मला वाटलं, निरोप. विचारलं, “सभा सत्तावीसलाच ना?”

मी हो म्हटलं.

“बरं,” म्हणाला. काच वर गेली.

२५ मे

त्याला माहीत होतं. टेबलाशीच माहीत होतं. तरी हो म्हणाला. का हो म्हणाला?

२७ मे

ठराव मंजूर.

औषधवाला अध्यक्षांच्या खुर्चीत, अंग चोरून, जणू ती कुणाची तरी ओली खुर्ची आहे. मी फार बोललेच नाही. काचेच्या बादलीतून काय दिसलं तेवढं सांगितलं. विरोधात बोलायला उठले ते दोघे दाराकडे नजर टाकून परत बसले. हात वर झाले, भरपूर. औषधवाल्याने मोजून हिशेब सांगितला आणि म्हणाला, ताई, आता रंग पुरता बदललाय बरं तुमचा. हसले लोक. मी हसले नाही. या वेळी विनोदात काही उरलं नव्हतं.

अजून एक पायरी आहे. मंडळाचा नियम बदलायचा तर तो लागोपाठ दोन सभांत मंजूर व्हावा लागतो. हा नियमही दादाचाच — घाईत कुणी मूर्खपणा करू नये म्हणून. दुसरी सभा सात जूनला. चौदाला मोठी स्पर्धा. सातला कायम झाला की चौदाला प्रत्येक खडकावर हातकाटा असेल आणि प्रत्येक मासा आपल्या कपारीत परत जाईल. या मोसमातली उरलेली घरटी वाचतील. सातला पडला, तर आणखी एक जून गेला. मुलगी म्हणते, दक्षिणेच्या खडकांवर आता जेमतेम चार नर असतील.

३१ मे

फोन केला. आधी भाच्याने घेतला: आत्या, मस्त आहेत बाबा, अजिबात त्रास नाही, सगळं वेळेवर खातात. मग दादाला दिला. काय चाललंय विचारलं. म्हणाला, काही नाही. ठराव झाला म्हटलं. छान, म्हणाला. वाट पाहिली. मग म्हणाला, ओहोटी आज दुपारची असेल.

बरोबर होतं. दुपारचीच होती.

१ जून

हातकाटे आले. पाच. दुकानदार विचारत होता, भाजीसाठी का?

४ जून

शहरात गेले. पुस्तकं आणायची होती, असं भाच्याला सांगितलं.

लिफ्ट, लांब कॉरिडॉर, एकसारखी दारं. सून ऑफिसात, नात शाळेत. दादाला स्वतंत्र खोली दिली आहे, उन्हाची, नीटनेटकी. फ्रिजवर औषधांचा तक्ता, रंगीत पेनांनी. सगळं केलंय पोरांनी, कुठे बोट ठेवायला जागा नाही. दादा खिडकीशी खुर्चीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची तशीच खिडकी दिसते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मला बघून उठला, पाहुण्यासाठी उठतात तसा.

मी मुद्दाम काड्या घातल्या. म्हटलं, तुझा काटा विकून टाकणार आहोत भंगारात. म्हणाला, हो, जुना झालाय. म्हटलं, सुतळीने शिसं बांधणं म्हणजे जुनाट प्रकार, नवे लोक हसतात. म्हणाला, असेल. मग मी सगळं पुन्हा काढलं — वाळू, कपार, अंडी, टाळ्या — त्याने उसळावं म्हणून. खिडकीबाहेर बघत ऐकलं.

“बरोबर आहे तुझं,” म्हणाला.

ज्या तीन शब्दांसाठी मी या माणसाशी जन्मभर भांडले, ते त्याने असे दिले, मावशीबाईंना कप परत द्यावा तसे. मला ते नको होते. तिथेच ओरडून सांगावंसं वाटलं — घे हे परत, माझ्या ‘आणि’ला नावं ठेव, माझ्या टाळ्या काढ! चहा प्यायले. चांगला होता.

खाली भाचा भेटला. म्हणाला, बघितलंस ना आत्या, किती शांत झालेत बाबा.

५ जून

परवाची तयारी. भाषण लिहायला बसले. ‘गळ टाकणाऱ्या मंडळींनो’ एवढं लिहिलं. मग उठून भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

औषधवाला येऊन सांगून गेला, उद्याचा दिवस गेला की जिंकलात ताई, विरोधक येणारच नाहीयेत, अध्यक्षसाहेब नाहीत तर कशाला यायचं म्हणतात.

६ जून

दादा आला. एकटा, बसने, हात गळ्यात तसाच. भाच्याला न सांगता. माझ्याकडे नाही आला. स्वतःच्या दाराच्या पायरीवर बसला होता, प्रवासाने मळलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. किल्ली नेऊन दिली. कुलूप डाव्या हाताने त्यानेच उघडलं, मला हात लावू दिला नाही. दार उघडल्यावर मागे वळून म्हणाला, “उद्या येतोय सभेला. तुझा ठराव पाडायला. मुद्दे नीट मांड, मागच्यासारखा पाल्हाळ नको.”

तो आला तर विरोधक येणार. ते आले तर ठराव पडणार.

त्याच वेळी भाच्याचा फोन. घाबरलेला, मग हुश्श झालेला, मग रडवेला. आत्या, गाडी काढतो, संध्याकाळपर्यंत पोहोचतो, लगेच परत घेऊन जातो. तू फक्त त्यांना दोन गोष्टी सांगून बसवून ठेव, तुझं ऐकतात.

आत दादा खिडक्या उघडत होता, एकेक, हाताला जमेल तशा. चारही नर डोळ्यांसमोर आले. चौदा तारीख आली. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “गाडी काढू नकोस.”